निघण्यापूर्वींची निरवानिरव

फ्लॉरेन्स शहराच्या पश्चिमेस आर्नो नदीच्या कांठीं कास्सीने नांवाचें एक विस्तीर्ण उपवन आहे. त्या उपवनाच्या अगदीं टोंकाशीं, जेथें मुन्योने नांवाचा लहानसा प्रवाह आर्नोस मिळतो तेथें, एक छत्री उभी आहे आणि तिच्याखालीं एका तरुण हिंदी राजाचा अर्धपुतळा आहे. फ्लॉरेन्सचे लोक या जागेस नुसतें 'इंडियानो', म्हणजे 'हिंदी माणूस', असें म्हणतात. आणि जवळच १९७० नंतरच्या दशकांत जो मोठा पूल बांधला गेला त्यालाहि तेंच नांव पडलें. हा हिंदी माणूस म्हणजे कोल्हापूरचे छत्रपति दुसरे राजाराम महाराज. ३० नोव्हेंबर १८७० रोजीं, वयास एकविसावें वर्ष चालू असतां, त्या परक्या शहरीं त्यांचें देहावसान झालें.

एका तरुण राजाच्या अकालीं मृत्यूची ही कथा करवीरच्या इतिहासांत पुष्कळदां सांगितली गेली आहे. परंतु तिच्या एका बाजूकडे सहसा लक्ष जात नाहीं. ती बाजू म्हणजे आजारी मनुष्याचा प्रवास. परमुलखांत प्रकृति बिघडली तर कोणाकडे जावें, उपचार कोणीं करावे, खर्च कोणीं सोसावा, आणि शेवटच आला तर देहाचें काय व्हावें, हे प्रश्न १८७० सालीं एका संस्थानाधिपतीच्या परिवारापुढें उभे राहिले. आज तेच प्रश्न राजारामपुरींतील एखाद्या निवृत्त गृहस्थापुढें, मुलाकडे परदेशीं जावयास निघतांना, उभे राहतात. आणि त्या गृहस्थास मूत्रपिंडाचा विकार असेल, तर ते फारच निकडीचे होतात. दीडशें वर्षांत या प्रश्नांचीं उत्तरें कशीं बदलत गेलीं, आणि त्यांतील कोणती गोष्ट मुळींच बदलली नाहीं, हें पाहणें उद्बोधक आहे.

करवीरास दक्षिणकाशी म्हणतात. या दक्षिणकाशींतून उत्तरेच्या काशीस निघणारा जुना यात्रेकरू जाण्यापूर्वीं घरादाराची निरवानिरव करी. देणेंघेणें मिटवावें, शेतीवाडीचे कागद भावाच्या किंवा मुलाच्या स्वाधीन करावे, आणि परत येणें होईलच असें न धरतां सर्वांचा निरोप घ्यावा, अशी ती रीत होती. रोकड जवळ बाळगण्यापेक्षां सावकाराची हुंडी घेऊन निघणें शहाणपणाचें ठरे. ती पुढच्या शहरांतील पेढीवर वटे. पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाऱ्यांत तर 'जोखमी हुंडी' नांवाचा एक प्रकार रूढ होता. माल बंदरांत सुखरूप पोंचला तरच या हुंडीचे पैसे द्यावयाचे. तारू बुडालें तर हुंडीहि बुडाली. म्हणजे पैशाचा भरणा आणि विमा हीं दोन्हीं एकाच कागदांत नांदत होतीं. 'विमा' या शब्दाचें नातेंहि फारसी 'बीम', म्हणजे भय, या शब्दाशीं सांगतात. एकट्याच्या भयाचा भार अनेकांनीं वांटून घ्यावा, हाच त्या व्यवहाराचा गाभा होय. मात्र विमा उतरे तो मालाचा; यात्रेकरूच्या देहाचा नव्हे. देहाची काळजी ज्यानें त्यानें आपल्या आप्तांवर आणि आपल्या दैवावर सोंपवून निघावें, एवढाच मार्ग होता.

राजाराम महाराज हे मूळचे पाटणकर घराण्यांतील. त्यांचें पूर्वींचें नांव नागोजीराव. १८६६ सालीं ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. इंग्रजी शिक्षणाची त्यांस आवड होती, आणि पाहिलेल्या गोष्टी त्याच भाषेंत रोजच्या रोज लिहून ठेवण्याची संवयहि होती. समुद्र ओलांडणें निषिद्ध मानलें जात असे अशा त्या काळीं युरोप पाहण्याचा निश्चय एका मराठा छत्रपतींनीं करावा, ही गोष्ट लहान नव्हती. कोल्हापुरास तेव्हां आगगाडीहि नव्हती. ती यावयास १८९१ साल उजाडावें लागलें. १८७० च्या मे महिन्यांत महाराजांनीं मुंबईचा किनारा सोडला आणि जूनमध्यें ते लंडनास पोंचले. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, पार्लमेंटाचें कामकाज पाहून झालें, विद्यापीठें व संस्था पाहिल्या. त्यांनीं लिहिलेली रोजनिशी त्यांच्या पश्चात् कॅप्टन एडवर्ड वेस्ट यांनीं संपादून १८७२ सालीं लंडन येथें प्रसिद्ध केली.

या प्रवासाची सिद्धता त्या काळच्या मानानें उत्तम होती. वेस्ट यांच्यासारखा अनुभवी अधिकारी बरोबर होता, महाराजांचे पारशी शिक्षक बरोबर होते, सोंवळें सांभाळून स्वयंपाक करणारे आचारी होते, सेवक होते, आणि पाठीशीं संस्थानचा खजिना होता. त्याच वर्षाच्या जून महिन्यांत मुंबई व लंडन यांमधील समुद्रांतील तारायंत्राचा मार्गहि खुला झाला होता. म्हणजे बातमी पोंचविण्यास महिना घालविण्याचें कारण उरलें नव्हतें. माणसें, अन्न, पैसा आणि निरोप या चार गोष्टींची उणीव नव्हती. उणीव होती ती पांचव्या गोष्टीची. वाटेंत प्रकृति बिघडली तर रोग्यास आधींपासून ओळखणारा वैद्य आणि त्याची वाट पाहणारें ठिकाण, या गोष्टी त्या युगांत पैशानेंहि विकत मिळत नव्हत्या.

परतीचा मार्ग दैवानें अधिकच बिकट केला. जुलै महिन्यांत फ्रान्स आणि प्रशिया यांचें युद्ध जुंपलें, सप्टेंबरांत पॅरिसला वेढा पडला, आणि फ्रान्समधून येण्याची नेहमींची सोपी वाट बंद झाली. तेव्हां बेल्जियम, जर्मनी आणि आल्प्सचे डोंगर, अशा वळशाच्या वाटेनें हा परिवार भर नोव्हेंबरच्या थंडींत इटलीकडे निघाला. वाटेंतच महाराजांस आजारानें गांठलें. त्या वेळच्या वृत्तांतांत संधिवाताचा उल्लेख येतो. फ्लॉरेन्स ही तेव्हां इटलीची राजधानी होती. तेथें उपचार झाले, परंतु त्यांचा उपयोग झाला नाहीं.

पुढचा प्रसंग तर कोणीं कल्पिलाहि नसेल. युरोपांत त्या काळीं प्रेत दहन करण्याची चाल नव्हती. तेथील पहिलें आधुनिक दहनगृह मिलान येथें सुरू झालें तें १८७६ सालीं. अशा देशांत एका हिंदु राजाचा अंत्यविधि करावयाचा, तोहि नदीच्या कांठीं, शक्य तर संगमावर. इटालियन अधिकाऱ्यांनीं विशेष परवानगी दिली, आणि १ डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर मुन्योने-आर्नोच्या संगमावर पंचगंगेच्या राजाची चिता पेटली. चार वर्षांनीं, १८७४ सालीं, त्याच जागेवर छत्री उभी राहिली. तिची रचना मेजर मँट यांची असून आंतील अर्धपुतळा चार्ल्स फुलर नांवाच्या इंग्रज शिल्पकारानें घडविला आहे.

त्या दिवसांत प्रवाशाचा विमा मुळींच नव्हता असें नाहीं. ज्या आगगाड्यांतून इंग्लंडांतील लोक प्रवास करीत, त्यांच्या तिकिटांबरोबरच १८४९ पासून विम्याचें तिकीटहि मिळूं लागलें होतें. 'रेल्वे पॅसेंजर्स अॅशुअरन्स' या कंपनीनें पहिल्या वर्गाच्या उतारूस तीन पेनी, दुसऱ्या वर्गाच्या उतारूस दोन पेनी आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूस एक पेनी घेऊन अनुक्रमें १०००, ५०० व २०० पौंडांचा विमा देण्यास आरंभ केला होता. हीच कल्पना पाहून अमेरिकेंत जेम्स बॅटरसन यानें १८६४ सालीं हार्टफर्ड येथें प्रवाशांच्या विम्याची कंपनी काढली. परंतु या विम्यांचा सारा भर अपघातावर होता. गाडी रुळावरून घसरून हाड मोडलें तर भरपाई मिळे; गाडींत बसल्या बसल्या सांधे धरले तर मिळत नसे. कारण उघड होतें. अपघात सर्वांस सारखाच होतो, म्हणून त्याचा हिशेब मांडतां येतो. आजार मात्र मनुष्य घरून बरोबर घेऊन निघतो, आणि तो किती आहे हें विमेवाल्यास दिसत नाहीं. शिवाय हिंदी मनुष्याच्या आयुष्याचा विमा उतरतांना विलायती कंपन्या जादा हप्ता घेत. गोऱ्या माणसास लागेल त्याच दरानें हिंदी माणसाचा विमा उतरणारी 'बाँबे म्युच्युअल' ही संस्था मुंबईंत निघाली ती १८७०-७१ च्या सुमारास, म्हणजे महाराजांच्या मृत्यूच्या आगेमागेंच.

'आजार मनुष्य घरून बरोबर घेऊन निघतो' हें वाक्य ज्या विकारास सर्वांत अधिक लागू पडतें तो विकार म्हणजे मूत्रपिंडाचा. हा विकार वर्षानुवर्षें मुक्यानें वाढतो. राजाराम महाराजांच्या काळीं त्याची ओळख नुकतीच पटूं लागली होती. लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील डॉक्टर रिचर्ड ब्राइट यांनीं १८२७ सालीं असें दाखवून दिलें कीं, अंगावर सूज येऊन दगावणाऱ्या कित्येक रोग्यांच्या लघवींत अल्ब्युमिन जात असतें आणि मरणोत्तर पाहतां त्यांचीं मूत्रपिंडें बिघडलेलीं आढळतात. परीक्षाहि साधी होती. चमच्यांत थोडी लघवी घेऊन ती मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवावी. ती गोठून पांढरी झाली कीं रोगाचें निदान ठरलें. परंतु निदानापुढें वाट नव्हती. पथ्य, विश्रांति आणि हवापालट एवढेंच सांगतां येई. जवळच्या पन्हाळ्यावर हवापालटास जावें, हीच अशा रोग्याच्या प्रवासाची सीमा. दूरच्या प्रवासाचा विचार करण्याइतकें आयुष्यच त्याच्या वांट्यास येत नसे.

ही स्थिति पालटण्यास विसावें शतक अर्धें सरावें लागलें. जर्मन अंमलाखालीं असलेल्या हॉलंडांतील कांपेन या गांवीं विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरानें १९४३ सालीं कृत्रिम मूत्रपिंडाचें यंत्र माणसावर प्रथम चालविलें. फिरत्या पिंपाभोंवतीं सेलोफेनची नळी गुंडाळावी, तिच्यांतून रोग्याचें रक्त फिरवावें, बाहेर क्षारांचें पाणी असावें आणि रक्तांतील विष त्या पातळ पडद्यांतून पाण्यांत उतरावें, अशी ती युक्ति होती. पहिले बहुतेक रोगी दगावले. १९४५ सालीं एक सदुसष्ट वर्षांची बाई त्या यंत्रानें वांचली. तरीहि अडचण अशी कीं, प्रत्येक वेळीं नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. म्हणून कायमच्या रोग्यास हा उपचार निरुपयोगी होता. अमेरिकेंत सिअॅटल येथें डॉक्टर बेल्डिंग स्क्रिब्नर यांनीं १९६० सालीं रोग्याच्या हातावर टेफ्लॉनची नळी कायमची बसवून हा प्रश्न सोडविला. त्यांचा पहिला रोगी पुढें अकरा वर्षें जगला. १९६६ पासून हातांतील रोहिणी आणि नीला एकमेकींस जोडण्याची 'फिस्चुला' ही शस्त्रक्रिया आली, आणि तीच आजवर चालत आली आहे.

आपल्या देशांत १९६५ सालीं मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत मूत्रपिंडरोपणाचा पहिला प्रयत्न झाला. यशस्वी रोपण वेल्लोर येथें १९७१ सालीं झालें. डायलिसिस हा शब्द घरोघर पोंचला तो १९७५ नंतर. कैदेंतून सुटलेले जयप्रकाश नारायण मुंबईच्या जसलोक रुग्णालयांत आले, त्यांचीं मूत्रपिंडें निकामी झाल्याचें कळलें, आणि पुढें १९७९ च्या ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षें, ते या यंत्राच्या आधारावर जगले. त्याच चार वर्षांत १९७७ चें मोठें राजकीय परिवर्तन त्यांच्या नेतृत्वाखालीं घडलें. पुढें हा उपचार मोठ्या शहरांबाहेर पसरला, आणि २०१६ सालीं केंद्र सरकारनें जिल्हा रुग्णालयांत गरिबांस डायलिसिस मिळावें यासाठीं राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर केला.

रोगी जगला, परंतु यंत्राशीं बांधला गेला. आठवड्यांतून बहुधा तीन वेळां, प्रत्येक खेपेस सुमारें चार तास, असें हें बंधन आहे. आणि एका खेपेस यंत्रांतून शंभर-सवाशें लिटर शुद्ध केलेलें पाणी वाहून जातें. दोन खेपांमधील अंतर लांबलें कीं अंगांत पाणी सांचतें, रक्तांतील पोटॅशियम चढतें आणि हृदयावर ताण येतो. म्हणून अशा रोग्याच्या प्रवासाचा नकाशा तीर्थें किंवा प्रेक्षणीय स्थळें पाहून आंखतां येत नाहीं. तो डायलिसिसचे वार धरून आंखावा लागतो. यात्रेकरूची हुंडी जशी पुढच्या पेढीवर वटली पाहिजे, तशी या रोग्याची पाळी पुढच्या गांवच्या केंद्रांत आधींच ठरलेली असली पाहिजे. तेथें पोंचल्यावर चौकशी करूं, हा विचार येथें घातक आहे.

त्यासाठीं कांहीं आठवडे, परदेश असेल तर कांहीं महिने, आधीं पत्रव्यवहार सुरू करावा लागतो. तेथील केंद्रास रोग्याचें आंखलेलें वजन, म्हणजे अंगांत जादा पाणी नसतांनाचें वजन, यंत्राच्या खेपेचा तपशील, हिपॅरिनची मात्रा, फिस्चुला कोणत्या हातास आहे, अलीकडच्या रक्ताच्या तपासण्या, आणि कावीळ 'ब' व 'क' आणि एच. आय. व्ही. यांचे ताजे निष्कर्ष कळवावे लागतात. कावीळ 'ब' ची लस घेतली नसेल तर ती पुरी होण्यास कित्येक महिने लागतात. तेव्हां तिचा विचार तिकीट काढण्याच्याहि आधींचा. पोटांत द्रव सोडून घरच्या घरीं करावयाचें जें डायलिसिस १९७६ नंतर प्रचारांत आलें, तें करणाऱ्या रोग्यास यंत्राचें बंधन कमी. परंतु द्रवाच्या पिशव्या मुक्कामीं आधीं पोंचतील कीं नाहीं, आणि त्या बदलण्यास स्वच्छ जागा मिळेल कीं नाहीं, हें त्यासहि निघण्यापूर्वींच ठरवावें लागतें.

ज्यांस अद्याप डायलिसिस लागत नाहीं, परंतु मूत्रपिंडें अशक्त आहेत, अशा प्रवाशांची संख्या तर फारच मोठी आहे, आणि तयारीची आवश्यकता वाटत नाहीं तीहि नेमकी त्यांनाच. जोतिबाचा डोंगर चढून आल्यावर गुडघे दुखतात, म्हणून शेजारच्या उतारूनें दिलेली वेदनाशामक गोळी घेतली जाते. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन जातीची अशी गोळी दुबळ्या मूत्रपिंडास एका झटक्यांत निकामी करूं शकते. प्रवासांत जुलाब होऊन अंगांतील पाणी आटलें तरी तोच परिणाम होतो. कोंकणांत उतरल्यावर शहाळ्याचें पाणी हें अमृत खरें. परंतु त्यांत पोटॅशियम विपुल असतें, आणि विकार पुढें गेलेल्या रोग्यास तेंच अमृत बाधतें. सुक्या मेव्याची आणि केळ्यांची गोष्टहि तशीच. कोल्हापुरी रश्श्याबरोबर लोणचें आणि पापड आले कीं मिठाचें प्रमाण हातचें जातें आणि मग तहान आंवरत नाहीं. तर 'कमी सोडियमचें' म्हणून विकत घेतलेल्या मिठांत बहुधा पोटॅशियमच असतें. महाराजांनीं आपले आचारी बरोबर नेले ते सोंवळ्यासाठीं. मूत्रपिंडाच्या रोग्यानें आपलें पथ्य बरोबर न्यावें तें जिवासाठीं.

मूत्रपिंडाचें रोपण झालेल्या मनुष्यास यंत्राचें बंधन नसतें; त्याचें बंधन घड्याळाचें असतें. परक्या अवयवास शरीरानें झिडकारूं नये म्हणून घ्यावयाच्या गोळ्या ठराविक तासांनीं घ्याव्या लागतात, आणि विमानानें देशोदेशींचे तास ओलांडले कीं तें गणित चुकतें. तेव्हां गोळ्यांच्या वेळांचा बदल निघण्यापूर्वींच डॉक्टरांकडून लिहून घ्यावा, गोळ्या जादा घ्याव्या, आणि त्या सामानाच्या पेटींत न टाकतां चिठ्ठीसह हातच्या पिशवींत ठेवाव्या. पेटी हरवते, पिशवी सहसा हरवत नाहीं. पीतज्वरासारख्या कांहीं लसी जिवंत जंतूंच्या असतात; त्या अशा मनुष्यास देत नाहींत. ज्या देशांत प्रवेशासाठीं ती लस सक्तीची असते तेथें जाणें टाळावें, किंवा डॉक्टरांचें सूटपत्र चालतें कीं काय हें आधीं पाहावें. रोपणानंतरच्या पहिल्या वर्षांत दूरचे व धोक्याचे प्रवास करूं नयेत, हाच सर्वसाधारण सल्ला आहे.

आतां विम्याकडे पुन्हा वळावें. १८७० सालीं आजाराचा विमा देण्यास कोणी धजत नव्हतें. तो हळूहळू मिळूं लागला. हिंदुस्थानांत १९७३ पासून सर्वसाधारण विम्याचा धंदा सरकारच्या मालकीचा झाला, आणि परदेशीं जाणाऱ्यांसाठीं 'ओव्हरसीज मेडिक्लेम' ही पॉलिसी १९८४ सालीं निघाली. देशांतील उपचारांसाठींची 'मेडिक्लेम' ही तिच्यानंतरची, १९८६ ची. पुढें २००४ सालापासून युरोपांतील शेंगेन गटाच्या देशांनीं अल्प मुदतीच्या व्हिसासाठीं असा विमा सक्तीचा केला. किमान रक्कम ३०,००० युरो असावी आणि तींत तांतडीचे उपचार, रुग्णालयांतील खर्च, आजारपणामुळें मायदेशीं परत नेण्याचा खर्च आणि मृत्यु घडल्यास होणारा खर्च, हे सर्व यावे, असा तो नियम आहे. इटली त्याच गटांत मोडते. म्हणजे ज्या शहरीं कोल्हापूरच्या छत्रपतींच्या परिवारास सर्व गोष्टी आयत्या वेळीं जुळवाव्या लागल्या, त्या शहरीं पाऊल ठेवण्यापूर्वीं कोल्हापूरच्या सामान्य नागरिकास त्यांतील बऱ्याच गोष्टींची तरतूद कागदावर करून दाखवावी लागते. युरोपच्या रहिवाशांसाठीं त्याच सालीं निघालेल्या आरोग्यकार्डावर तर आधीं ठरवून दुसऱ्या सभासद देशांत डायलिसिसहि घेतां येतें. हिंदी पाहुण्यास तें कार्ड लागू नाहीं, म्हणून त्याची भिस्त विम्यावर आणि स्वतःच्या पैशावर.

परंतु कागद हातीं आला म्हणजे तरतूद झाली, असें मात्र नव्हे. बहुतेक प्रवासविम्यांत आधींपासून असलेल्या विकाराबद्दल स्वतंत्र कलम असतें. कांहीं पॉलिसींत असा विकार सर्वस्वीं वगळलेला असतो. कांहींत जिवावर बेतल्यास प्रकृति सांवरेपर्यंतचा खर्च मिळतो. कांहींत जादा हप्ता घेऊन तो विकार विम्यांत घेतला जातो. नित्याचें डायलिसिस हा आकस्मिक खर्च नसल्यामुळें तो बहुधा कोणीच देत नाहीं. तो प्रवासखर्चांतच धरावा लागतो. तेव्हां हप्ता किती, हा पहिला प्रश्न नसून, माझ्या नांवाच्या विकारास या कागदांत कोणती जागा आहे, हा प्रवाशाचा पहिला प्रश्न असला पाहिजे. आणि त्याचें उत्तर तोंडीं न घेतां लेखी घेतलें पाहिजे.

येथेंच सुशिक्षित घरांतूनहि एक चूक वारंवार होते. नातवंडाचें बारसें परदेशीं असतें, तिकिटें आलेलीं असतात, आणि फॉर्मवर 'पूर्वींचा कांहीं आजार आहे काय' हें विचारलेलें असतें. लिहिलें तर हप्ता वाढेल, कदाचित् विमाच नाकारतील, डॉक्टरांस विचारलें तर ते जाऊं नका म्हणतील, मुलास कळविलें तर तो काळजी करील, अशा विचारानें तेथें 'नाहीं' असें लिहिलें जातें. हें असत्य वाईट हेतूनें लिहिलेलें नसतें. तें बहुधा मायेनेंच लिहिलेलें असतें. परंतु मूत्रपिंडाचा विकार लपून राहणारा नव्हे. परदेशांतील रुग्णालयाची पहिलीच रक्ततपासणी क्रिएटिनिनचा आंकडा दाखविते, हातावरची फिस्चुला न बोलतां सर्व सांगते, आणि ज्या दिवशीं विम्याची खरी गरज पडते त्याच दिवशीं तो कागद निरर्थक ठरतो. त्याहूनहि मोठी हानि उपचारांत होते. रोग्याचा विकार ठाऊक नसलेला डॉक्टर औषधाची मात्रा निरोग्यासारखी देतो, आणि हाताला आलेला वेळ पूर्वेतिहास शोधण्यांत जातो. अशा घरीं बिल फेडण्यासाठीं येथील जागा विकण्याची पाळी आली, तर ती विकारानें आणलेली नसते. एका शब्दानें आणलेली असते.

जुन्या यात्रेकरूच्या निरवानिरवेंत हीच एक गोष्ट मोलाची होती कीं, तो कोणापासून कांहीं लपवीत नसे. देणें किती, येणें किती, अंगांत बळ किती, हें सारें उघड करूनच तो उंबरठा ओलांडी. राजाराम महाराजांच्या परिवारानें कशांत कसूर केली असें म्हणतां येत नाहीं. पुढच्या मुक्कामीं रोग्यास ओळखणारें ठिकाण उभें करण्याचें साधनच त्या युगास ठाऊक नव्हतें. आजच्या युगास तें ठाऊक आहे. एक पत्र, एक तपासणी आणि फॉर्मवरील एक खरें उत्तर, एवढ्यांत तें सिद्ध होतें. आणि त्यासाठीं खजिन्याची गरज नाहीं.

फ्लॉरेन्स येथें छत्री उभारणारे मेजर मँट यांनींच पुढें कोल्हापुरास नवा राजवाडा आंखला आणि आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाची इमारतहि आंखली. तीच आज छत्रपति प्रमिलाराजे रुग्णालय म्हणून शहराच्या मध्यभागीं उभी आहे. एकाच हातानें काढलेल्या या दोन आकृति, एक परदेशांतील स्मारकाची आणि एक स्वदेशांतील रुग्णालयाची. प्रवासास निघणाऱ्या रोग्यानें पहिलीची आठवण ठेवून आधीं दुसरीची पायरी चढावी, कागदपत्र आणि तपासण्या पुऱ्या कराव्या, आणि मग खुशाल जग पाहावें. तीर्थाचें पुण्य जाण्यांत आहे, असें म्हणतात; परंतु घरच्या माणसांचा जीव भांड्यांत पडतो तो परत येण्यानेंच.